बाबांचं सोन्याचं पाणी

त्या जानेवारीत बाबांचे हात पुन्हा सुजले. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठच वळायची नाही. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं की पटकन खाली ठेवायचे.

बाबांना आमवात आहे, सांध्यांना सूज आणून हळूहळू ते वाकवून टाकणारा. कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांत तो सुरू झाला. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे, सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्या औषधपाण्याचं सगळं मी बघते, असा माझा तोपर्यंत समज होता.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर माझ्याच वयाच्या, बंगाली, फार शांतपणे बोलणाऱ्या; बाबांना त्या 'मेशोमशाई', म्हणजे काका, म्हणतात. त्यांनी बाबांचं एकेक बोट दाबून पाहिलं.

"मेशोमशाई, रविवारची गोळी नियमित चालू आहे ना?"

"हो, हो. दर रविवारी," बाबा म्हणाले.

आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी बाबांना चार वर्षांपासून चालू होती आणि तिने त्यांचे हात बऱ्यापैकी सांभाळले होते. तिचा थोडा त्रास यकृताला होतो, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. नवा रिपोर्ट बघून डॉक्टर जरा थबकल्या. सूज दाखवणारे आकडे खूप वर गेले होते. यकृत मात्र चार वर्षांत नव्हतं इतकं चांगलं होतं.

"लिव्हर तर छान आहे," त्या म्हणाल्या. "पण गोळी आता काम करत नाही असं दिसतंय. महिनाभर बघू. नाहीतर दुसरं, जास्त जोरकस औषध सुरू करावं लागेल. त्याआधी क्षयाची तपासणी करून घेऊ, कारण त्या औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. यकृत अचानक इतकं का सुधारलं, हा प्रश्न माझ्यासारख्या बाईला तिथल्या तिथे पडायला हवा होता. यकृताच्या पेशी हेच माझं रोजचं काम. पण तो पडला नाही. वडील समोर असले की माझं डोकं मुलीचं असतं, प्रयोगशाळेतलं नसतं.

चार दिवसांनी थंडी वाढली, म्हणून बाबांची लोकरीची बंडी शोधायला मी त्यांचं कपाट उघडलं. बंडीच्या मागे एक काचेची बाटली होती. लेबलवर उगवत्या सूर्याचं चित्र आणि इंग्रजीत 'नॅनो' हा शब्द. मी ती उजेडात धरली. कोकमाच्या सरबतात भरपूर पाणी घातलं की येतो तसा लाल, स्वच्छ, आरपार दिसणारा रंग.

तो रंग मी वीस वर्षं रोज बघत आले आहे. सोन्याचे कण अतिशय बारीक केले, डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके, की सोनं पिवळं राहत नाही. पाण्यात ते असं लाल दिसतं. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये याच रंगाच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात.

बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग चष्मा काढून हातात घेतला.

"तुझंच आहे ते."

"माझं?"

"म्हणजे तुझ्या सोन्याचं. पार्कात सकाळी भेटतात ना, ते बँकेतले गृहस्थ, ते वर्षभर घेताहेत. त्यांचे गुडघे थांबले दुखायचे. मी लेबल वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आमच्या मुलीचं काम! रोज सकाळी दोन चमचे घेतो."

"कधीपासून?"

"दुर्गापूजेच्या सुमारास."

ऑक्टोबरपासून, म्हणजे तीन महिने. माझ्या मनात एकदम पुढचा प्रश्न आला आणि तो विचारायची भीती वाटली.

"आणि रविवारची गोळी?"

बाबा हातातला चष्मा पुसायला लागले. मी आत जाऊन त्यांच्या पलंगाशेजारचा खण उघडला. गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, एकही न फोडलेली. रबर बँड लावून नीट ठेवलेल्या. फेकून द्यायचंही त्यांच्या जिवावर आलं असावं.

मी बाल्कनीत परत आले तेव्हा ते स्वतःच बोलायला लागले.

"रविवारी गोळी घेतली की सोमवार-मंगळवार तोंडाला चव नसते गं. भात समोर आला की उठून जावंसं वाटतं. दर आठवड्याला दोन दिवस असे. चार वर्षं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, थोडं सहन करा, बाबा, यकृत ठीक आहे ना मग झालं."

मी म्हणाले होते. लॅपटॉपवर काहीतरी करत असताना, त्यांच्याकडे न बघता.

"आणि हे पाणी प्यायल्यावर काहीच होत नाही," ते पुढे म्हणाले. "पोट शांत असतं. शिवाय तूच सांगितलं होतंस, सोनं शरीराशी भांडत नाही. मी वहीत लिहून घेतलंय."

ते वाक्य ऐकल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला. कारण ते खरंच माझं वाक्य होतं.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींच्या एका रविवारच्या कार्यक्रमात मी माझ्या कामावर बोलले होते. कोलकात्यात जन्मलेली, मराठी फक्त घरात बोललेली मी, पहिल्यांदाच विज्ञानावर मराठीत बोलणार होते. म्हणून भाषण पाठ केलं होतं. गर्भधारणेची घरगुती चाचणी असते किंवा कोविडची असायची, तिच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांची असते, हे सांगितल्यावर बायका एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. कणांच्या अंगाला औषध चिकटवून ते नेमक्या जागी पोचवायचे प्रयत्न कसे चालले आहेत ते सांगितलं. कण गाठीत शिरवायचे आणि बाहेरून प्रकाश टाकून तापवायचे, म्हणजे गाठ आतून जळते, आणि याचे प्रयोग रुग्णांवरही होत आहेत, हेही सांगितलं. आणि ऐटीत म्हणाले, "सोनं शरीराशी भांडत नाही."

त्यापुढे माझ्याकडे आणखी सहा चित्रं होती. हे कण रक्तात गेले तर कुठे जाऊन बसतात, यकृतात आणि प्लीहेत किती काळ राहतात, कोणत्या आकाराचे कण पेशींना मारतात, कणांवरचं आवरण बदललं की निरुपद्रवी सोनं घातक कसं होतं. खरं तर माझं काम त्या सहा चित्रांतच आहे. मी औषध बनवत नाही. इतरांनी बनवलेले कण पेशींना काय करतात, एवढंच तपासते. पण तोपर्यंत मागच्या टेबलावर बटाटेवडे आले होते आणि आयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मी लॅपटॉप मिटला. टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेले. आमचे सर निवृत्तीला आलेले, बोलायला कमी. सगळं ऐकून त्यांनी बाटली खिडकीशी धरली.

"रंग तर खरा वाटतो. पण तू एकटीने तपासू नकोस."

"का?"

"घरातलं माणूस पीत होतं. तुला जे उत्तर हवं आहे तेच तुला दिसेल."

बरोबर होतं त्यांचं. मला उत्तर हवंच होतं. बाटलीत नुसता रंग निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे घरी जाऊन सांगता आलं असतं, बाबा, तुम्हाला फसवलं, सोनं-बिनं काही नाही त्यात.

सरांनी तीन कुप्या भरल्या. एकीत आमचं स्वतःचं सोनं, एकीत बाटलीतलं पाणी, एकीत खाण्याचा लाल रंग. वर फक्त अ, ब, क लिहिलं आणि कोणती कुठली हे एका चिठ्ठीवर लिहून स्वतःच्या खिशात ठेवलं. मी तिन्हींमधून प्रकाश सोडून पाहिला. सोन्याचे कण एका ठरावीक रंगाचा प्रकाश गिळतात, त्यावरून ते ओळखता येतात. मग कणांचे आकार मोजले आणि यकृताच्या पेशींवर तिन्ही द्रावणं घातली, आधी पातळ आणि मग दाट.

आठवड्याने सरांनी चिठ्ठी उघडली. बाटलीत सोनं होतं.

पण ते ओबडधोबड होतं. काही कण बारीक, काही त्याच्या दसपट मोठे, काही एकमेकांना चिकटून गोळे झालेले. पातळ द्रावणात पेशींना काही झालं नाही. दाट द्रावणात त्या आक्रसल्या आणि बऱ्याच तळ सोडून तरंगायला लागल्या. आमच्या सोन्याच्या तितक्याच दाट द्रावणात मात्र पेशी मजेत होत्या. म्हणजे त्रास बहुधा सोन्याचा नव्हता. कण बनवताना वापरलेलं काहीतरी नीट धुऊन काढलेलं नव्हतं, किंवा आवरणातच काही होतं. नेमकं काय, हे शोधायला कित्येक महिने लागले असते.

"विष म्हणता येणार नाही," सर म्हणाले, "आणि औषध तर मुळीच नाही. घरी हेच सांग. जास्तही नको, कमीही नको."

घरी गेल्यावर मी बाबांना सांगितलं, "सोनं आहे त्यात."

"बघ!" बाबा खुर्चीत सरळ झाले. "मी म्हणत नव्हतो?"

"सोनं आहे म्हणजे ते औषध आहे असं होत नाही, बाबा."

"माझ्या आत्याला मिरजेला सोन्याची इंजेक्शनं द्यायचे. याच आजारावर. मी शाळेत होतो तेव्हा. काठी टाकून चालायला लागली होती ती."

हे मला माहीत नव्हतं. पण त्यात काही खोटं नव्हतं. आमवातावर सोन्याची इंजेक्शनं कित्येक वर्षं दिली जात आणि अनेकांना गुणही यायचा.

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

बाबांना आठवायला वेळ लागला. "अंगावर पुरळ उठलं. तोंड आलं. मग लघवीत काहीतरी सापडलं म्हणून बंद केली."

"ते सोनं क्षाराच्या रूपातलं होतं, हे कणांचं आहे. दोन्ही वेगळी. पण आत्यांना इंजेक्शन देताना दर वेळी कुणीतरी त्यांची लघवी तपासत होतं, म्हणून ते वेळेवर कळलं. तुमची कोण तपासत होतं? बँकेतले गृहस्थ?"

बाबांना हसू आलं, पण ते लगेच सोडणारे नव्हते. "तुझ्या गुटीत तुझ्या आईने सहाणेवर अंगठी उगाळली होती. तुला काय झालं?"

"काही नाही. अंगठीचं सोनं जसं पोटात गेलं तसंच बाहेर पडलं. तुमचंही बहुतेक पडलं असेल. तोंडाने घेतलेलं रक्तात फार थोडं उतरतं."

"बहुतेक?"

"बहुतेक. थोडं राहिलं असेल आत."

"किती?"

"माहीत नाही."

"वीस वर्षं काम करतेस आणि माहीत नाही?"

"माहीत नाही म्हणून तर वीस वर्षं करतेय."

यावर बाबांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "मला एकदा दाखव. तू काय करतेस ते."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी बोलावलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी टॅक्सीने त्यांना घेऊन गेले. सरांनी त्यांच्यासाठी नलेन म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची संदेश ही मिठाई मागवून ठेवली होती. बाबांनी पांढरा कोट घालायचा हट्ट धरला. बटणं त्यांना लावता येईनात, ती मी लावली.

मी सूक्ष्मदर्शकाखाली पहिली थाळी ठेवली. यकृताच्या पेशी, काहीच न घातलेल्या. बाबांनी डोळा लावला.

"फरशी बसवल्यासारखं दिसतंय."

"याच पेशी. आता ही दुसरी बघा. आमचं सोनं घातलेली, महिन्याभरापूर्वी."

त्यांनी खूप वेळ पाहिलं. "आत काळे ठिपके आहेत."

"कण सुटे असताना दिसत नाहीत. पेशीने गिळून एका जागी साठवले की असे ठिपके दिसतात."

"पेशी तर जिवंत दिसते."

"आहे. भांडत नाही ती. पण सोनं बाहेरही टाकत नाही. सांभाळून बसते. वर्षभर सांभाळलं तर काय होतं, पाच वर्षं सांभाळलं तर काय, हे आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. ज्याची गाठ जाळायची आहे त्याच्यासाठी तो धोका पत्करणं ठीक असेल, डॉक्टरांच्या नजरेखाली. तुम्ही बाल्कनीत बसून चमच्याने घेताय."

तिसरी थाळी त्यांच्या बाटलीची होती, दाट द्रावणाची. फरशी उखडली होती. पेशी गोल होऊन तरंगत होत्या. बाबांनी डोळा काढला आणि स्वतःच्या पोटावर उजव्या बाजूला नकळत हात ठेवला.

"इतकं दाट तुमच्या पोटात गेलेलं नाही," मी घाईने म्हणाले. "हे मुद्दाम केलेलं आहे."

सर मागे उभे होते. हिंदीत म्हणाले, "तुमची मुलगी औषध बनवत नाही. लोक औषध बनवून आणतात आणि ही म्हणते, थांबा, अजून नाही. म्हणून हिच्यावर पुष्कळ जण नाराज असतात."

बाबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे आमच्या सेफ्टी ब्रँचसारखं. गाडी सुटायच्या आधी लाल कंदील दाखवणारे. आम्ही पण कुणाला आवडायचो नाही."

संदेश खाताना ते दोघं रेल्वेवरच बोलत होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. मी सांगते म्हटलं, पण बाबा म्हणाले, "खोटं मी बोललोय." आत गेल्यावर खुर्चीत नीट बसून त्यांनी त्यांच्या रेल्वेच्या बंगालीत सगळं सांगितलं, गोळी कधी बंद केली, का केली, काय घेतलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मेशोमशाई, मी आज तुम्हाला ते दुसरं औषध लिहून देणार होते. आधीचं निकामी झालं असं समजून."

"मला कळतंय ते," बाबा म्हणाले. "माफ करा."

त्या रागावल्या नाहीत. बाटलीची नोंद फाइलमध्ये केली, लघवी आणि यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या. मग विचारलं, "मळमळ नेमकी कधी सुरू होते?" हा प्रश्न मी चार वर्षांत विचारला नव्हता. तेच औषध इंजेक्शनने घेतलं तर पोटाला त्रास कमी होतो, असं त्यांनी सांगितलं. पोटाच्या त्वचेखाली, आठवड्यातून एकदा, बारीक सुईने. घरीच देता येतं. त्यांच्या नर्सने मला शिकवलं.

तपासण्या ठीक आल्या. इंजेक्शनाने सोमवारची मळमळ पूर्ण गेली नाही, पण बाबा आता जेवणावरून उठत नाहीत. सूज उतरायला दोन-अडीच महिने लागले. चैत्रात एकदा त्यांनी मला हाक मारून मूठ वळवून दाखवली. डाव्या हाताची दोन बोटं मात्र त्या तीन महिन्यांत वाकली ती वाकलीच. डॉक्टर म्हणाल्या, ती आता सरळ होणार नाहीत. त्या बोटांकडे लक्ष गेलं की मला अजूनही वाईट वाटतं आणि त्यात बाबांइतकाच माझाही वाटा आहे असं वाटतं.

मी आता कुठेही बोलले तर ती सहा चित्रं आधी दाखवते. लोक जरा कंटाळतात. गेल्या खेपेला एक बाई मधेच उठून गेल्या, एकीने मात्र थांबून आपल्या नातवाला देत असलेल्या सोन्याच्या थेंबांबद्दल विचारलं. मी तिला सांगितलं, मला ते थेंब माहीत नाहीत, बाटली घेऊन मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. पूर्वी मी यापेक्षा छान काहीतरी बोलले असते.

बँकेतल्या गृहस्थांना बाबांनी सगळं सांगितलं. ते रागावले, दोन आठवडे दुसऱ्या बाजूने फिरायला लागले. आता पुन्हा दोघं एकत्र फिरतात. ते गृहस्थ सोन्याचं पाणी अजून घेतात. "मी सांगायचं ते सांगितलं," बाबा म्हणतात, "आता दर महिन्याला विचारतो, रक्त तपासलंत का? परवा म्हणाले, तपासतो बाबा, एकदाचं."

रविवारी सकाळी मी हात धुऊन सुई तयार करते. बाबा शर्ट वर करून बसतात आणि दुसरीकडे बघतात. टोचताना मी विचारते, "मागच्या सोमवारी कसं वाटलं?" आणि ते सांगेपर्यंत थांबते. कधी ते दोन वाक्यांत सांगतात, कधी वांग्याच्या भाजीपासून सुरुवात करून पुष्कळ वेळ बोलतात.